‘लाइफटाइम फ्री’ आणि मेंदूतला ॲक्सिलरेटर

इंदूरमध्ये विजयनगरच्या एका मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, क्रेडिट कार्ड विकणारा एक मुलगा उभा असतो. “सर, लाइफटाइम फ्री है!” सोबत ट्रॉली बॅग. दिवाळीच्या खरेदीत मी त्याला दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा थांबलो, कारण बॅग खरोखरच बरी दिसत होती. कॅशबॅक, विमानतळावरचं लाउंज, सिनेमाची तिकिटं, पॉइंट्स हे सगळं त्याने एका दमात म्हटलं. मी व्याजाचा दर विचारल्यावर मात्र त्याला माहितीपत्रक उलटं करून बारीक अक्षरं शोधावी लागली.

उधारी आपल्याला काही नवी नाही. रामबागेत आमच्या वाण्याकडे लांबट लाल वही असायची. साखर, तूरडाळ, साबण असं लिहिता लिहिता तो आकडे मोठ्याने म्हणायचा. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं असली की आई साबणाची दुसरी वडी परत ठेवायची. पैसे महिनाअखेरीच द्यायचे होते, पण त्यांची टोचणी तिथल्या तिथे लागायची. कार्डाच्या जाहिरातीत नेमका हाच क्षण गाळलेला असतो. वस्तू दिसते, हसरं कुटुंब दिसतं, बिल कधीच दिसत नाही.

या टोचणीला अभ्यासक ‘पैसे देण्याची वेदना’ म्हणतात. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1998 मध्ये तिचा सिद्धान्त मांडला. खरेदीचा आनंद आणि पैसे देण्याचं दुःख मनात एकमेकांना जितके घट्ट बांधलेले, तितका हात आखडतो. कार्ड ही गाठ सैल करतं. आज घेतलेला शर्ट महिन्याभराने वीस इतर नोंदींच्या गर्दीत बिलावर येतो, तेव्हा त्या शर्टाचं असं वेगळं दुःख उरतच नाही.

प्रेलेक यांनी डंकन सिमेस्टर यांच्यासोबत केलेला, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इंदूरकरांना लगेच कळेल. होळकर स्टेडियमवर सामना आहे, तिकिटं संपली आहेत आणि कुणीतरी दोन तिकिटं लिलावात काढली आहेत असं समजा. तिथे खेळ बास्केटबॉलचा होता, गाव बॉस्टन, आणि बोली लावणारे एमबीएचे विद्यार्थी. निम्म्यांना सांगितलं, पैसे रोख द्यावे लागतील, निम्म्यांना, कार्डाने. रोखवाल्यांची सरासरी बोली सुमारे 28 डॉलर, कार्डवाल्यांची सुमारे 60. तिकिटं तीच! अर्थात ज्या वस्तूची किंमत आपल्याला ठाऊक असते तिथे एवढी तफावत पडत नाही. साखरेला कोणी दुप्पट भाव देत नाही. कार्डाची जादू चालते ती ‘याचं मोल नक्की किती?’ हे धूसर असतं तिथे. म्हणूनच बहुधा जाहिरातीत सहल, मेजवानी, सामना असतो, डाळ-तांदूळ क्वचितच.

वेदना कमी होते म्हणून खर्च वाढतो, म्हणजे ब्रेक सुटतो, अशी बरीच वर्षं समजूत होती. 2021 मध्ये प्रेलेक आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून खरेदी करायला लावली, कधी रोखीने, कधी कार्डाने. कार्डाच्या वेळी मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा ‘स्ट्रायटम’ हा भाग अधिक जागा झाला, वस्तू महाग असो वा स्वस्त. त्यांच्या मते ब्रेक सुटण्यापेक्षा ॲक्सिलरेटर दाबला जातो. वर्षानुवर्षं कार्डासोबत सुखच दिसत आलं की कार्ड स्वतःच सुखाची खूण बनतं.

इथे थोडं सावध राहायला हवं. 1986 मध्ये रिचर्ड फाइनबर्ग यांनी टेबलावर कार्डाचं नुसतं बोधचिन्ह ठेवलं तरी लोक जास्त खर्चाला तयार होतात असं दाखवलं होतं. गोष्ट भन्नाट, म्हणून ती सगळीकडे सांगितली जाते. नंतरच्या काही संशोधकांना मात्र तोच प्रयोग करून तो परिणाम मिळाला नाही. तेव्हा राजवाड्याजवळचा कार्डाचा फलक पाहून खिसा आपोआप मोकळा होतो, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पॉइंट्सची गोष्ट जास्त पक्की आहे. अन्न जवळ आलं की उंदीर जोरात पळतात, असं मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी 1930 च्या दशकात मांडलं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांना कॉफीच्या ‘दहा घ्या, एक फुकट’ कार्डांवर तेच दिसलं. शेवटच्या शिक्क्यांकडे लोक भराभर कॉफी पिऊ लागले. बारा शिक्क्यांच्या कार्डावर दोन आधीच मारून दिले, तेव्हा उरलेले दहा तर आणखी लवकर भरले. ‘अजून फक्त 4,000 रुपये खर्च करा आणि व्हाउचर मिळवा’ हा संदेश आला की मला ते उंदीर आठवतात.

आता ती बारीक अक्षरं. महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे साध्या हिशेबाने वर्षाला 42. समजा 40,000 रुपये थकले. महिन्याचं व्याज 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. किमान भरायची रक्कम 5 टक्के धरली तर 2,000. त्यातले 1,652 व्याज-कराला गेले, मुद्दलातून वजा झाले 348. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

मुलाने अखेर तो आकडा बोटाने दाखवला. मी विचारलं, “महीने का?” तो हसून म्हणाला, “टाइम पे भर देंगे तो झीरो, सर. बॅग कौन से कलर की दूँ?”