रात्रीच्या व्हिजिटवरून साथीचा अंदाज: फ्रान्समध्ये हे सुरू कसं झालं

फ्रान्समध्ये थंडीत फ्लू वाढायला लागला की बातम्यांत एसओएस मेदसँ हे नाव येतंच. मेदसँ म्हणजे डॉक्टर. रात्री-अपरात्री, रविवारी, सणासुदीला फोन केला की घरी व्हिजिटला येणारे डॉक्टर. आता ह्यांचा साथीच्या आकड्यांशी काय संबंध, तर तो बराच नंतर जुळला.

सुरुवात १९६६ ची, पॅरिसमधली. मार्सेल लास्कार नावाच्या डॉक्टरांचा एक पेशंट वीकेंडला वेळेवर डॉक्टर न मिळाल्यामुळे गेला, आणि पाणी गळायला लागलं तर रविवारीही प्लंबर मिळतो मग डॉक्टर का नाही, ह्या विचारातून त्यांनी ही सेवा काढली असं सांगतात. पुढे शहराशहरात पसरली. तेव्हा आकडेबिकडे कुणाच्याच डोक्यात नव्हते.

मग आला ऑगस्ट २००३. भयंकर उष्णतेची लाट, निम्मा देश सुट्टीवर, फॅमिली डॉक्टरसुद्धा बाहेरगावी, आणि म्हातारी माणसं पॅरिसच्या तापलेल्या फ्लॅटमध्ये एकटी. इमर्जन्सीतले डॉक्टर पात्रिक पेलू टीव्हीवर येऊन ओरडून सांगत होते की माणसं मरतायत, तेव्हा आरोग्यमंत्री सुट्टीवरच्या घरातून टी-शर्टमध्ये मुलाखत देत होते (हे लोक अजून विसरलेले नाहीत). जवळपास १५,००० जास्तीचे मृत्यू झाले. मृत्यूचे दाखले कागदावर, ते गोळा होऊन आकडा कळेपर्यंत लाट ओसरलेली. १९८४ पासून सेंटिनेल नेटवर्क होतं, पण त्यात ठरावीक फॅमिली डॉक्टर ठरावीक आजारांची आठवड्याची माहिती देणार, उन्हाने कोण कोसळतंय हे त्यात दिसणार कुठून?

म्हणून २००४ मध्ये सरकारी आरोग्य यंत्रणा हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागांची माहिती रोजच्या रोज घ्यायला लागली आणि २००६ मध्ये एसओएस मेदसँ जोडलं गेलं. मला ह्यातलं आवडतं ते असं की डॉक्टरला वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. फोन आला की वय, तक्रार टाइप होतेच, व्हिजिटनंतर निदान, तेच नावं काढून पुढे जातं. लॅब रिपोर्टची वाट बघायची नाही, हॉस्पिटलपर्यंत न पोचणारे पेशंटही मोजले जातात. गॅस्ट्रो, लहान बाळांचा ब्रॉन्किओलायटिस (छोट्या श्वासनलिकांची सूज), उष्माघात, सगळं. २०२० मध्ये कोविडच्या टेस्ट मिळत नव्हत्या तेव्हा डॉक्टरांचा नुसता संशयसुद्धा मोजला गेला.

पण आकडे वाचताना भान ठेवावं लागतं. सेवा मुख्यतः शहरांतली, खेडी त्यात फारशी नाहीत. ख्रिसमसला बाकी दवाखाने बंद म्हणून फोन तसेही वाढतात, त्यामुळे मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशी ताडून बघतात. आणि हे डॉक्टर संपावर गेले की ग्राफ एकदम खाली, आजार मात्र जिथल्या तिथे.