‘ही फाइल कुठून आली?’ आणि ‘ही फाइल कुठे मिळेल?’ : डीपीकेजी -एस आणि ॲप्ट-फाइल

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर एखादी कमांड टाइप केली आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असं उत्तर आलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ही कमांड कोणत्या पॅकेजमध्ये (एकत्र इन्स्टॉल होणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) आहे? विचारलं तर कुणी सांगतं ‘डीपीकेजी -एस’ चालवा, कुणी सांगतं ‘ॲप्ट-फाइल सर्च’. दोघांनाही फाइलचं नाव द्यायचं असतं आणि दोघांकडून पॅकेजचं नाव मिळतं. उत्तराचा साचाही तोच: आधी पॅकेज, मग कोलन, मग फाइलचा पाथ. म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल असं वाटतं. पण प्रश्न वेगळे आहेत, आणि चुकीच्या जागी विचारलेल्या प्रश्नाला मिळणारं ‘सापडलं नाही’ हे उत्तर फार दिशाभूल करतं.

डीपीकेजी -एस फक्त आपल्या मशीनपुरतं बोलतं. इन्स्टॉल झालेल्या प्रत्येक पॅकेजने कोणकोणत्या फाइल आणल्या याची यादी व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो या डिरेक्टरीत ठेवलेली असते. डीपीकेजी त्या याद्या चाळतं आणि थांबतं. इंटरनेट लागत नाही, आधी काही उतरवून घ्यावं लागत नाही, उत्तर लगेच येतं.

ॲप्ट-फाइल मात्र रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजं जिथून उतरवली जातात त्या ऑनलाइन साठ्यात, काय आहे ते सांगतं. डेबियनच्या रिपॉझिटरीत पॅकेजांसोबत ‘कंटेंट्स’ नावाच्या मोठ्या फाइल असतात. कोणता पाथ कोणत्या पॅकेजमध्ये, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. ॲप्ट-फाइल त्या उतरवून घेतं आणि त्यांत शोधतं. पॅकेज तुमच्याकडे इन्स्टॉल असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. ते स्वतः मात्र आधी इन्स्टॉल करावं लागतं, आणि नंतर एकदा ‘ॲप्ट-फाइल अपडेट’ चालवावं लागतं. ते राहून गेलं तर शोधायला यादीच नसते.

आता डिग ही डीएनएसची माहिती विचारणारी कमांड घ्या. ती मशीनवर नाही आणि तुम्ही डीपीकेजी -एस ला ‘बिन/डिग’ शोधायला सांगितलं. उत्तर येईल की असा पाथ सापडला नाही. हे उत्तर खरं आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की इथल्या इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांपैकी कुणीही डिग आणलेली नाही. ती कुठल्याच पॅकेजमध्ये नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. तोच शोध ॲप्ट-फाइलला सांगा, म्हणजे आजच्या डेबियनवर बाइंड९-डीएनएसयुटिल्स हे नाव मिळेल. सोबत डिजीकॅमसारखी नावंही येतील, कारण त्या प्रोग्रॅमच्या नावाची सुरुवातही त्याच तीन अक्षरांनी होते. ती टाळायची तर ॲप्ट-फाइलला -एक्स हा पर्याय देऊन पॅटर्नच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावायचं. ‘नाव इथेच संपतं’ असं त्यातून सांगितलं जातं आणि यादी आटोपशीर होते.

कमांडचं नाव आणि पॅकेजचं नाव यांचा काही संबंध असेलच असं नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. किलऑल पीएसमिस्कमध्ये असते, आयएफकॉन्फिग नेट-टूल्समध्ये. माझ्या मते सगळ्यात अनपेक्षित उदाहरण एमकेपासडब्ल्यूडीचं. पासवर्डचा हॅश बनवणारी ही कमांड डेबियनमध्ये हूइज या पॅकेजमध्ये आहे. अंदाजाने तिथे कुणीही पोचणार नाही. पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या ॲप्टचं ‘ॲप्ट सर्च’ही इथे कामाचं नाही, कारण ते पॅकेजचं नाव आणि वर्णन यांतच शोधतं, आतल्या फाइलींच्या यादीत डोकावत नाही.

मग कमांड सापडत नसेल तेव्हा थेट ॲप्ट-फाइलकडेच जावं का? नाही. आधी डीपीकेजी -एस चालवून बघावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण ‘कमांड नॉट फाउंड’ याचा अर्थ दर वेळी ‘कमांड नाही’ असा नसतो. शेल ज्या डिरेक्टरींत कमांड शोधतं त्या यादीलाही ‘पाथ’च म्हणतात, आणि डेबियनवर साध्या यूजरच्या या पाथमध्ये एसबिन डिरेक्टरी नसतात. त्यामुळे यूजरमॉड टाइप केली तर कमांड सापडली नाही असं शेल म्हणतं, आणि ती तर तिथेच असते. डीपीकेजी -एस ला ‘बिन/यूजरमॉड’ विचारा. ते सांगेल की ती पासडब्ल्यूडी पॅकेजची आहे आणि यूएसआर/एसबिनमध्ये बसली आहे. म्हणजे काहीच इन्स्टॉल करायचं नव्हतं. पूर्ण पाथ देऊन, बहुधा सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने), चालवायची होती.

‘डीपीकेजी -एस’मधला एस कॅपिटल आहे, हे लक्षात असू द्या. लहान एस पॅकेजची स्थिती सांगतो. ‘डीपीकेजी -एस डिग’ लहान एसने चालवलं तर ते डिग नावाचं पॅकेज शोधतं, आणि ते इन्स्टॉल नाही असं उत्तर देतं. मशीनवर डिग कमांड छान चालत असली तरी!

दोन्ही साधनं कुठे अडतात तेही समजून घ्यायला हवं, कारण खरा वेळ तिथे जातो.

पहिली अडचण पाथची. डेबियन १२ मध्ये बिन ही डिरेक्टरी यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी लिंक आहे. कमांडचा पाथ सांगणाऱ्या ‘विच’ला ‘विच एलएस’ असं विचारलं तर यूएसआर/बिन/एलएस असं उत्तर येतं. पण कोअरयुटिल्स पॅकेजच्या यादीत तीच फाइल बिन/एलएस म्हणून नोंदलेली आहे. विचने दिलेला पाथ जसाच्या तसा डीपीकेजी -एस ला दिला तर ते सापडत नाही म्हणतं, कारण स्लॅशने सुरू होणारा पाथ ते तंतोतंत जुळवतं. सुरुवातीचं यूएसआर आणि स्लॅश दोन्ही काढून नुसतं ‘बिन/एलएस’ दिलं की काम होतं. मग ते पाथचा तेवढाच तुकडा शोधतं. म्हणूनच वरच्या उदाहरणांत मी सगळीकडे पाथची शेपटी दिली आहे.

दुसरी अडचण अल्टरनेटिव्ह्जची, म्हणजे एकाच कामाच्या अनेक प्रोग्रॅमपैकी एक निवडण्याच्या सोयीची. यूएसआर/बिन/ऑक ही कुठल्याच पॅकेजने आणलेली फाइल नसते. इन्स्टॉल होताना बनवलेली ती एक लिंक असते, जी ईटीसी/अल्टरनेटिव्ह्जमधून पुढे मॉककडे किंवा गॉककडे जाते. कुठल्याच यादीत ती नाही, म्हणून डीपीकेजी -एस हात वर करतं. ‘रीडलिंक -एफ’ने लिंकचं शेवटचं टोक काढायचं आणि मग ते नाव विचारायचं. ॲप्ट-फाइललाही हेच भोवतं. नेटकॅट-ओपनबीएसडी पॅकेजमधल्या फाइलचं नाव ‘एनसी.ओपनबीएसडी’ असं आहे, नुसतं ‘एनसी’ नाही. शेवटी डॉलर लावून काटेकोर शोध घेतला की नेमकं हवं ते पॅकेज गळतं. अशा वेळी डॉलर काढून बघायचं.

आणि यूएसआर/लोकल/बिनमध्ये कुणी हाताने ठेवलेली, किंवा पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) आणलेली कमांड? डीपीकेजीला तिची कल्पना नसते. अशा वेळी त्याचं ‘सापडलं नाही’ हे उत्तर कामाचं ठरतं: फाइल समोर आहे आणि कुठलंच पॅकेज तिच्यावर हक्क सांगत नाही, म्हणजे ती बाहेरून आली आहे. अपडेट करताना ॲप्ट तिला हात लावणार नाही, हेही त्यातून कळतं.

इतर डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या इतर प्रकारांवर) हीच जोडी वेगळ्या नावांनी भेटते. फेडोरावर मशीनवरच्या फाइलसाठी ‘आरपीएम -क्यूएफ’ आणि रिपॉझिटरीसाठी ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’. डिग तिथे बाइंड-युटिल्समध्ये असते, म्हणजे डेबियनचं उत्तर तिथे चालत नाही. आर्चवर ‘पॅकमॅन -क्यूओ’ आणि ‘पॅकमॅन -एफ’. यातल्या दुसऱ्याला ॲप्ट-फाइलसारखीच आधी यादी लागते, ती ‘पॅकमॅन -एफवाय’ने येते.

कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आत वेगळं चालणाऱ्या छोट्या लिनक्समध्ये, हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. तो ज्या साच्यातून बनतो त्या छोट्या इमेजमध्ये चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी पीएससुद्धा नसते, डीपीकेजी -एस कडे उत्तर नसतं आणि ॲप्टच्या याद्या बहुधा जागा वाचवण्यासाठी पुसलेल्या असतात. अशा कंटेनरमध्ये ॲप्ट-फाइल भरत बसू नका. त्याच डिस्ट्रोची तीच आवृत्ती असलेल्या दुसऱ्या मशीनवर विचारा, प्रोकपीएस हे नाव घ्या, आणि कंटेनरमध्ये ‘ॲप्ट अपडेट’ करून तेवढंच पॅकेज इन्स्टॉल करा.