एटीएलमध्ये रूल एक्स्टेंड करणं वेगळं आणि मॉड्यूल सुपरइम्पोज करणं वेगळं

एटीएल (ATL) ही मॉडेल ट्रान्सफॉर्मेशनची, म्हणजे एका मॉडेलवरून आपोआप दुसरं मॉडेल तयार करण्याची भाषा. कशावरून काय तयार करायचं हे रूल सांगतो आणि असे रूल्स एका मॉड्यूलमध्ये असतात. ती लिहिणारे बरेच जण रूल एक्स्टेंड करणं आणि मॉड्यूल सुपरइम्पोज करणं या दोन गोष्टी एकच समजतात, कारण दोन्हीकडे म्हणायचं तेच असतं की जुना रूल आहे, तो पुन्हा वापरायचाय, फक्त थोडा बदलून. पण आत जे घडतं ते अगदी वेगळं आहे.

नेहमीचंच उदाहरण घेऊ, क्लास मॉडेलवरून रिलेशनल (म्हणजे डेटाबेसच्या टेबलांचं) मॉडेल. क्लासचं टेबल करणारा एक रूल आहे. तुम्ही दुसरा रूल लिहिला आणि त्यात एक्स्टेंड्स टाकलं तर मूळ रूलची अट (तो कुणाला लागू पडतो हे ठरवणारी) तशीच लागू राहते, तुमची अट तिच्यात वाढते, मूळ रूलमधली बाइंडिंग्ज (तयार होणाऱ्या घटकाच्या कुठल्या फीचरला, म्हणजे गुणधर्माला, काय द्यायचं त्या ओळी) आपोआप येतात आणि ज्या फीचरला तुम्ही नव्याने काही दिलंय तेवढंच बदलतं. दोन्ही रूल जिवंत असतात. एखाद्या क्लासला दोन्ही लागू पडत असतील तर चाइल्ड रूल, म्हणजे तुमचा नवा, चालतो. व्हेरिएबलची नावं मात्र दोन्हीकडे तीच ठेवावी लागतात.

सुपरइम्पोझिशनमध्ये एका मॉड्यूलवर दुसरं मॉड्यूल चढवलं जातं. वरच्यात त्याच नावाचा रूल असेल तर खालचा पूर्ण जातो, अट, बाइंडिंग, सगळंच. काही वारशाने येत नाही आणि आतून जुन्या रूलला हाकही मारता येत नाही, म्हणजे एकच ओळ बदलायची असली तरी अख्खा रूल परत लिहा. फायदा मोठा आहे पण, मूळ फाइलला हातच लावायला लागत नाही, कुठलं मॉड्यूल कुणावर चढणार हे रन कॉन्फिगरेशनमध्ये ठरतं. दुसऱ्याने लिहिलेली ट्रान्सफॉर्मेशन वापरायची असेल तर मला हाच रस्ता बरा वाटतो.

आता खरी गोम. इथे सगळं नावावर चालतं. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर रूल बदलला जात नाही, नवीन म्हणून जोडला जातो, मग एकाच क्लासला दोन रूल मॅच होतात आणि एटीएल एरर देतं. ती निदान दिसते तरी. न दिसणारी चूक जास्त वाईट. नव्या रूलमध्ये आउटपुटचा क्रम बदलून टेबलाच्या आधी 'की' (key) कॉलम लिहिला, तर बाकीचे रूल जिथे नुसता क्लास देऊन टेबल मिळेल असं धरून चाललेत तिथे कॉलम पोचतो, कारण आपोआप होणारं रिझॉल्व्ह (मूळ घटकावरून त्याचं तयार झालेलं रूप शोधणं) रूलमधलं पहिलंच टार्गेट, म्हणजे पहिलं आउटपुट, उचलतं. आणि व्हेरिएबलचं नाव बदललंत तर रिझॉल्व्हटेम्पने (resolveTemp, नाव देऊन ठरावीक टार्गेट मागणारं फंक्शन) नावानिशी मागणाऱ्यांना ते सापडणारच नाही. म्हणून रूल बदलायच्या आधी त्याच्या टार्गेटवर कोण कोण अवलंबून आहे ते सगळ्या मॉड्यूल्समध्ये शोधा, नुसतं त्या एका फाइलमध्ये नाही.

स्वतःच्याच मॉड्यूलमध्ये पाच-सहा रूल्समध्ये तीच बाइंडिंग्ज परत परत येत असतील तर तिथे सुपरइम्पोझिशनचं काही काम नाही, सरळ एक ॲबस्ट्रॅक्ट रूल करा, तो स्वतः कधी चालत नाही, आणि बाकीचे त्यावरून एक्स्टेंड करा.