जपलेली पद्मिनी आणि नुसती उभी राहिलेली पद्मिनी

जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातीत दोघींचं वर्णन एकच असतं. एकहाती वापर, मूळ रंग, कायम सावलीत, फार चाललेलीच नाही. पुण्यात एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर भागातले जुने बंगले आणि सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या की गॅरेज रिकामं करावं लागतं आणि अशी एखादी गाडी बाहेर येते. घेणारा धूळ पुसतो, मीटरवर अठ्ठावीस हजार बघतो आणि जपलेल्या गाडीची किंमत मोजून उभी राहिलेली गाडी घरी आणतो. पुढचं वर्षभर ती गॅरेजमध्येच असते. हे इतक्यांदा होताना पाहिलंय की आता लिहायलाच हवं.

पद्मिनीची ओळख करून देत बसत नाही. फियाट ११०० चा वंश, कुर्ल्याचा कारखाना, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. रंग, क्रोम, सीटचं रेक्झिन यावरून या दोन गाड्यांत फरक करता येत नाही, म्हणून तेही सोडून देतो. उलट उभी राहिलेली गाडी फोटोत सरसच दिसते. चालवलेल्या गाडीला पार्किंगमधले ओरखडे असतात, ड्रायव्हरची सीट बसलेली असते, क्लचच्या पेडलचं रबर झिजलेलं असतं. त्याला घाबरू नका.

खरा फरक डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांत आहे. गाडीचे काही भाग किलोमीटरने झिजतात आणि काही काळाने खराब होतात. काळाने होणारी खराबी गाडी उभी असताना जास्त वेगाने होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. बदललं नाही तर ती ओल व्हील सिलिंडरच्या (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याच्या) आतल्या भिंतीवर बसते, तिथे गंजाचे खड्डे पडतात, रबर चिकटतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे हे चारही ठिकाणी होणार. टाकीत अर्धवट राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं. तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, अडकतो. टाकीच्या रिकाम्या भागात आतून गंज धरतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पिस्टनच्या रिंगा जागेवर धरतात. रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर नळ्या क्षाराने बुजतात. टायर एकाच बाजूवर वजन घेऊन चपटे होतात. सीटच्या आत उंदीर घर करतात आणि जाता जाता वायरिंग कुरतडतात. यातलं काहीही मीटरवर उमटत नाही.

जपलेली गाडी म्हणजे या सगळ्यावर वेळच्या वेळी खर्च झालेली गाडी. ती एक लाख चाललेली असली तरी तिच्यात हात घालायला मला भीती वाटत नाही. अठ्ठावीस हजारांवर थांबलेल्या गाडीची वाटते. शिवाय जुन्या गाड्यांच्या मीटरला बहुतेक वेळा पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे तो अठ्ठावीस हजार म्हणजे एक लाख अठ्ठावीस हजारही असू शकतो.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य. "उभी असली तरी दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो." लोक हे अभिमानाने सांगतात आणि घेणाराही समाधानाने मान हलवतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन तयार होतं. इंजिन पूर्ण तापलं तर ती वाफ बाहेर जाते. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. ती सायलेन्सरमध्ये थंड होऊन साचते आणि तो आतून सडतो. थोडी ओल इंजिन ऑइलमध्येही उतरते. चोक ओढून चालू केलेल्या थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेला करंट तेवढ्या वेळात भरून येत नाही. आणि ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, टायर यांना त्या पाच मिनिटांचा काडीचा उपयोग नाही, कारण गाडी जागची हललेलीच नसते. चालू करायचीच असेल तर सकाळी शहराबाहेर खडकवासल्यापर्यंत जाऊन या. तेवढा वेळ नसेल तर त्या रविवारी हात लावू नका.

ओळखायचं कसं? माझा पहिला भरवसा कागदांवर आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे १९८८ ची गाडी असेल तर २००३, २००८, २०१३, २०१८, २०२३ अशी साखळी दिसली पाहिजे. सोबत पर्यावरण कराच्या पावत्या, विमा, पीयूसी. ही साखळी सलग असेल तर गाडी चालत होती. २००८ नंतर काहीच नसेल तर मालक कितीही सज्जन असो, गाडी तेव्हापासून उभी आहे. बॉनेट उघडण्याआधी हे विचारा.

मग टायर. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. त्यानंतर थंड इंजिन चालू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधी गाडी तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जा. शेवटी दहा-बारा किलोमीटर चालवा, त्यात एखादा चढ घ्या, आणि थांबल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. ज्या गाडीची अशी फेरी मारताच येत नाही, तिच्या मालकाचं "काही नाही, बॅटरी टाकली की पळेल" हे ऐकून घेऊ नका.

उभी राहिलेली गाडी घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. एका कारणासाठी जरूर घ्यावी: पत्रा. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. म्हणून तळ आणि दाराखालचा पत्रा सडला असेल तर गाडीचा कणाच गेला. इंजिन उघडून बांधता येतं. सडलेला तळ नीट करणारे कारागीर आता मोजके उरलेत. पुण्याची हवा मुंबईसारखी खारी नाही, त्यामुळे बंद, कोरड्या गॅरेजातली गाडी तळाने ठणठणीत निघू शकते. गालिचे उचलून बघा. लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. झाडाखाली प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेली गाडी मात्र मी बघायलाही जात नाही. ते कव्हर पावसाळाभर ओल आत कोंडून ठेवतं. पत्रा चांगला असेल तर किंमत फक्त पत्र्याची आणि कागदांची द्या. ब्रेक, टाकी, रेडिएटर, टायर, सगळं रबर हे नवं घालायचंच आहे असं धरून हिशेब करा.

आणि घेतल्यावर उत्साहाने सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवून बघा. तोवर टाकी उतरवून साफ करून घ्या. पेट्रोलचे पाइप आणि गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा (डायफ्रॅम) बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच मागा. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं, आणि इथेनॉलही ओल धरतं. नाना पेठेतला सुट्या भागांचा दुकानदार जुन्या साठ्यातला पाइप "ओरिजिनल" म्हणून देईल. तो घेऊ नका. इंजिन चालू होण्याआधी ब्रेक पूर्ण झालेले हवेत, हा क्रम बदलू नका.

कागद तुटलेल्या गाडीत आणखी एक अडचण असते. नाव आजोबांचं आणि आजोबा हयात नाहीत. अशा वेळी आधी वारसाच्या नावे फॉर्म ३१ वर हस्तांतर, थकलेलं नूतनीकरण, आणि मगच तुमच्या नावे फॉर्म २९ आणि ३०. हे विकणाऱ्याकडून पूर्ण करून घ्या आणि तोवर पूर्ण पैसे देऊ नका. पन्नास वर्षं झालेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची सोय केली आहे, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दर रविवारी खडकवासल्याला जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवा.