विल्टचे ५० पॉइंट्स आणि ‘सगळे बुटके होते’ ही अफवा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या विल्ट चेंबरलेनच्या १९६१-६२ च्या सीझनचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, अरे समोर सगळे बुटके होते, म्हणून मॅचमागे ५०.४ पॉइंट्स झाले. वर्षानुवर्षं हेच फिरतंय आणि ते चूक आहे.

त्याच सीझनला वॉल्ट बेलामी पहिल्यांदा खेळायला आला, ६ फूट ११ इंच, आणि त्याने स्वतः मॅचमागे ३१.६ पॉइंट्स काढले. डेट्रॉइटचा वॉल्टर ड्यूक्स तर सात फुटी! आणि बॉस्टनचा बिल रसेल, ज्याच्यासारखा डिफेन्स आजही क्वचित दिसतो, त्याच्यासमोर विल्टला परत परत खेळावं लागायचं.

मग एवढे पॉइंट्स आले कुठून? एकतर गेम प्रचंड फास्ट होता, शॉट्सच खूप व्हायचे. त्यात विल्टचा कोच फ्रँक मॅग्वायर याने त्याला जवळपास बाहेर बसवलंच नाही, मॅच ४८ मिनिटांची आणि याची सरासरी ४८.५, कारण ओव्हरटाइमपण हाच खेळायचा, आणि मॅचमागे जवळपास ४० शॉट्स मारायचा, एवढी दमछाक करून वर मॅचमागे २५.७ रिबाउंड्स (हुकलेल्या शॉटनंतर बॉल पकडणं), हे मला तर पॉइंट्सपेक्षा भारी वाटतं.

काहीजण म्हणतात विल्टने १०० पॉइंट्स काढले त्या एका मॅचने सरासरी फुगली. ती मॅच काढा, ७९ मॅचमध्ये ३९२९ उरतात, म्हणजे ४९.७.

तरी एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) हा मान रसेललाच मिळाला, खेळाडूंच्या मतांनी.