दोन्ही गटच, पण व्याज कुणाच्या पेटीत?

मंगळवारी सकाळी साडेसातला आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बायका जमतात. पावणेआठला मोटारसायकल येते. पोरसवदा 'सर' उतरतात, पाठीवर बॅग, हातात टॅब. पैसे आधीच गोळा करून, नोटा सरळ करून ठेवलेले असतात. सर मोजतात, टॅबवर बोट फिरवतात, कार्डावर सही करतात आणि वीस मिनिटांत पुढच्या गावाला लागतात.

त्याच ओट्यावर महिन्याच्या १० तारखेला संध्याकाळी, भाकऱ्या उरकल्यावर, बायका पुन्हा बसतात. निम्म्याअधिक त्याच. आता मोटारसायकल नसते, एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात तीन वह्या. ही बैठक दीड तास चालते, कारण हिशोबाच्या मध्ये कुणाची म्हैस आटलेली असते आणि कुणाची सून रुसून माहेरी गेलेली असते.

दोन्हीला गावात 'गट' म्हणतात. "आज गटाचा हप्ता आहे" असं कुणी म्हणालं, की कोणता गट हे वारावरूनच ओळखायचं. शहरातली मंडळी आणि पेपरवालेही यात गफलत करतात. 'बचत गटाच्या कर्जाने महिला त्रस्त' असा मथळा असतो आणि आत वाचलं तर गोष्ट छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीची, म्हणजे त्या मोटारसायकलवाल्यांची निघते. बारावी शिकलेली सून म्हणून लग्नानंतर वर्षभरातच संध्याकाळच्या गटाच्या वह्या माझ्या गळ्यात पडल्या, त्यामुळे ही गफलत मला जरा जास्तच टोचते.

आधी संध्याकाळचा गट. हा खरा बचत गट, सरकारी भाषेत स्वयंसहायता समूह. १० ते २० जणी एकत्र येतात, दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि त्याच पैशातून एकमेकींना कर्ज देतात. वीसच का? जुन्या १९५६ च्या कंपनी कायद्यात वीसपेक्षा जास्त माणसांनी मिळून नफ्याचा व्यवहार करायचा तर नोंदणी लागायची. ती कटकट टाळायला वीसची मर्यादा पडली आणि कायदा बदलला तरी आकडा राहिला. या पद्धतीची घडी दक्षिणेत, कर्नाटकातल्या मायराडा संस्थेच्या कामातून १९८० च्या दशकात बसत गेली. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० गट बँकांना जोडून पाहायचा प्रयोग केला आणि तिथून हे देशभर पसरलं. आपल्याकडे माविम, म्हणजे १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि २०११ पासूनचं 'उमेद', म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, हे यातले मोठे आधार.

सकाळचा गट वेगळ्या घराण्यातला. त्याचं कागदावरचं नाव संयुक्त दायित्व गट, कंपनीच्या माणसांच्या तोंडी जेएलजी. त्याचं मूळ बांगलादेशात आहे. १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, त्यातून पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये नोबेल मिळालं. पाच-पाच बायकांचे गट, अशा काही गटांचं मिळून एक 'केंद्र', ठरलेल्या वारी वसुली, ही सगळी रचना तिथली. आपल्याकडच्या कंपन्यांनी ती उचलली, पण एक गोष्ट तिकडेच राहिली: बचत. मायक्रोफायनान्स कंपनीला (जी बँक नाही तिला) लोकांकडून ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगीच नाही. म्हणजे सकाळच्या गटात बचत कुठेच नसते. त्याला बचत गट म्हणणं म्हणजे पाण्याच्या टँकरला विहीर म्हणण्यासारखं. त्यातल्या काही कंपन्या पुढे बँका झाल्या, त्या खाती उघडून देतात. पण म्हणून ओट्यावरच्या केंद्राचा बचत गट होत नाही.

आता व्याज. खरी गंमत इथेच आहे.

आमच्या गटाचा व्याजदर ऐकला की शहरातले पाहुणे दचकतात. शेकडा दोन रुपये महिना. "म्हणजे वर्षाला २४ टक्के? ही तर सावकारीच!" आता हिशोब बघा. एखादीने १०,००० रुपये उचलले आणि महिन्याला १,००० मुद्दल या दराने दहा महिन्यांत फेडले. पहिल्या महिन्याचं व्याज २००, दुसऱ्याचं १८०, असं उतरत शेवटच्या महिन्याला २०. एकूण व्याज १,१००. हे १,१०० रुपये जातात कुठे? पत्र्याच्या पेटीत. पेटी कुणाची? तिची, आणि तिच्यासारख्या अकरा जणींची. वर्षाअखेरीला ताळेबंद निघतो तेव्हा त्यातला वाटा तिच्याही नावावर चढतो. आमच्या गटात एक म्हाताऱ्या मावशी आहेत, त्यांनी आजवर एकदाही कर्ज घेतलेलं नाही. त्या म्हणतात, "तुम्ही घ्या गं कर्जं, माझे पैसे वाढू द्या." आम्ही हसतो, पण त्यांना गटाचं अर्थशास्त्र आमच्यापेक्षा बरं कळलंय.

सकाळच्या गटात व्याज मोटारसायकलवर बसून जातं. कंपनी तो पैसा बँकांकडून, बाजारातून उचलून आणते, दारोदार माणूस पाठवते, तिचा खर्च आणि नफा त्यातूनच निघतो. यात लबाडी असं काही नाही, धंदा आहे. फक्त दर सांगायची रीत बघायला हवी. कुणी "शेकडा एक रुपयाच आहे" म्हणालं तर लगेच विचारायचं: उरलेल्या मुद्दलावर, की पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत? ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी, पूर्ण रकमेवर शेकडा एक धरला तर व्याज ९,६०० आणि महिन्याचा हप्ता साधारण २,०६७. ऐकायला १२ टक्के. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र चाळीस हजारांवरच चालू, म्हणून खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. आता नियमाप्रमाणे कर्ज देताना एक माहितीपत्रक द्यावं लागतं आणि त्यात वार्षिक खरा दर छापलेला असतो. तो कागद बायका पॉलिथीनमध्ये गुंडाळून आधार कार्डाबरोबर ट्रंकेत ठेवतात. उघडून वाचलेला मी फारसा पाहिला नाही.

यावर फायनान्सच्या, म्हणजे या कंपन्यांच्या, बाजूने बोलणारी माणसंही आहेत आणि ती खोटं बोलत नाहीत. बचत गटाचं मोठं दुखणं म्हणजे वेळ. दहा जणींनी महिन्याला १०० रुपये टाकले तर वर्षात १२,००० जमतात. एकीच्या नवऱ्याला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर पेटीत चार हजार असतात आणि दवाखाना वीस मागतो. बँकेकडून गटाला कर्ज मिळतं, पण त्यासाठी सहा महिने पंचसूत्री पाळावी लागते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, आणि हिशोब लिहिणं. (उमेदने त्यात आरोग्य, शिक्षण, पंचायतीत सहभाग, सरकारी योजना आणि उपजीविका घालून दशसूत्री केली आहे.) मग गटाची प्रतवारी. मग बँकेच्या चकरा. साहेब रजेवर, सर्व्हर बंद, ठरावावर एक सही राहिली. कर्ज मिळालं की मात्र ते चांगलं असतं. अभियानातल्या गटाला पहिल्याच वेळी किमान दीड लाख किंवा गटनिधीच्या सहापट, यातलं जे जास्त ते. तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज. आणि दहा लाखांपर्यंत तारण नाही. पण 'मिळालं की' हे दोन शब्द काढायला कधी कधी सहा महिने लागतात. मोटारसायकलवाले सर आधार कार्ड घेतात आणि थोड्या दिवसांत खात्यात पैसे टाकतात. अडल्या बाईला कोणता गट आपला वाटेल?

फरक खऱ्या अर्थाने उघडा पडतो तो हप्ता चुकतो तेव्हा.

बचत गटात एखादी म्हणाली, "या महिन्यात जमत नाही," तर कुरकुर होते, टोमणे बसतात, दंडाचे दहा-वीस रुपये लागतात, आणि इतिवृत्तात ठराव होतो की सदर सदस्येस एक महिना मुदत देण्यात आली. मुदत देणाऱ्या कोण? तिच्या शेजारणी. त्यांना तिच्या घरी काय झालंय ते माहीत असतं. अर्थात गटाने बँकेचं कर्ज घेतलेलं असेल तर ते अख्ख्या गटाच्या नावावर असतं, बँकेला ठराव दाखवून भागत नाही. तरीही बँक आणि बाई यांच्यामध्ये दहा जणी उभ्या असतात.

सकाळच्या गटात कर्ज प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर असतं आणि बाकीच्या तिच्या जामीन. एक आली नाही तर चौघींनी खिशातून भरायचं. नाही भरलं तर सर उठत नाहीत. मग चौघी उठतात आणि पाचवीच्या दारात जातात. शेजारीणपणाचा उपयोग इथे वसुलीसाठी होतो. कंपनीला वकील लागत नाही, कारण लाज फुकट काम करते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात हे सगळं हाताबाहेर गेलं. एकाच घरावर तीन-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या. राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली, नियम झाले, आणि २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे नियम लागू केले. त्यातले ओट्यावर उपयोगी पडणारे सांगते. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरालाच हे विनातारण कर्ज. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. आधीच फेडलं तर दंड नाही. वसुली ठरलेल्या जागीच; तिथे लागोपाठ दोनदा आली नाही तरच माणूस घरी येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीसाठी फोन करायचे नाहीत. विमा वगैरे गळ्यात मारायचा तर पूर्ण संमती हवी. हे मी एकदा आमच्या बायकांना वाचून दाखवलं, तर एकीने विचारलं, "मग सरांना हे ठाऊक नाही का?"

आणि गरिबीचं काय? दोन्ही गटांच्या फलकावर हसरी बाई आणि शिलाई मशीन असतंच. हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोफायनान्सचा अभ्यास केला होता. काही वस्त्यांत कंपनी आधी गेली, काहींत नंतर. काहींचे धंदे वाढले, विशेषतः ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचे. पण सरासरी घराचा एकूण खर्च काही वाढलेला दिसला नाही. कर्जाने हातात पैसा येतो, गिऱ्हाईक येत नाही. ही गोष्ट बचत गटालाही तितकीच लागू आहे. आमच्या गटाने पापडाचा धंदा केला, दोन दिवाळ्या बरा चालला, तिसरीला आजूबाजूच्या चार गटांनीही पापडच केले.

पण एक फरक मी वह्यांतून बघते. दहा वर्षांपूर्वी आमच्या वहीत 'कर्जाचे कारण' या रकान्यात दवाखाना, किराणा, बियाणे इतकंच असायचं. आता कॉलेजची फी दिसते, शेळ्या दिसतात, एकीने स्वतःच्या नावावर घर करून घेतलं त्या दस्ताचा खर्च दिसतो. यात गटाचा हात किती आणि पोरांच्या नोकऱ्यांचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही. गावातल्या सगळ्या गटांच्या मिळून झालेल्या ग्रामसंघामुळे दोघी ग्रामपंचायतीत गेल्या, हे मात्र नक्की.

बचत गट म्हणजे देवघर असंही समजू नका. अध्यक्षबाईच पेटी घरी ठेवतात आणि स्वतःलाच आधी कर्ज देतात, असे गट आहेत. वही लिहिणारी लग्न होऊन गेली आणि हिशोब तिथेच थांबला, असेही. गटाला मिळणारा सरकारी फिरता निधी आला, वाटून घेतला आणि गट मोडला, अशांची तर मोजदाद नाही. आणि भिशी? ती तिसरीच. तिच्यात पैसे फिरतात, चिठ्ठी निघते, जिची चिठ्ठी आधी निघते तिलाही शेवटपर्यंत भरावंच लागतं, आणि चहा-चिवडा हमखास.

शेवटी दोन्ही गट एकाच बाईच्या पदराला येऊन मिळतात. गेल्या १० तारखेला आमच्या आक्का बैठकीत गप्प होत्या. सगळ्यांची बचत जमा झाल्यावर म्हणाल्या, सहा हजार हवेत. फायनान्सचे शेवटचे तीन हप्ते एकदम भरून कार्ड बंद करायचंय. एक जण म्हणाली, दुसऱ्याचं कर्ज फेडायला आपण कर्ज द्यायचं का? वीस मिनिटं वाद झाला. मावशी म्हणाल्या, "द्या. तिकडे जाणारं व्याज इकडे तरी येईल." ठराव झाला. मी वही ओढली आणि कारणाच्या रकान्याशी थांबले. 'घरखर्च' लिहू का म्हणून विचारलं.

"घरखर्च कशाला?" आक्का म्हणाल्या. "फायनान्स लिही. ठळक लिही."

लिहिलं. सहा हप्ते, १,००० मुद्दल, पहिल्या महिन्याचं व्याज १२०.