उत्तर कारेलियाने ताटातलं लोणी कसं कमी केलं

एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलेला रिपोर्ट पाहून डॉक्टर जे पथ्य सांगतात (तूप-लोणी बेतानं, तळकट कमी, तंबाखू बंद, रोज चालणं), ते खरंच लागू पडतं का, अशी शंका अनेकांच्या मनात असते. गोळीच घेतलेली बरी, असंही वाटतं. याचं उत्तर पूर्व फिनलंडच्या उत्तर कारेलिया या गरीब, जंगलांनी वेढलेल्या प्रांतात फार पूर्वी मिळालं आहे.

कोलेस्टेरॉलवरचा संशय त्याहून जुना. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचलेले पाहिले. उंदीर आणि कुत्र्यांत तसं दिसेना, म्हणून हे काम बरीच वर्षं मागे पडलं. पुढे १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सिगारेट यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का झाला.

त्याच सुमाराला अमेरिकी संशोधक अँसल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांची तुलना सुरू केली. हृदयविकारानं मरणाऱ्यांचं सर्वाधिक प्रमाण पूर्व फिनलंडमध्ये निघालं. तिथले लोक बैठ्या कामाचे नव्हते. लाकूडतोडे होते, शेतकरी होते, थंडीत दिवसभर राबणारे होते. ‘आम्ही कष्टाची माणसं, आम्हाला काय होणार’ असं आपल्याकडेही म्हणतात, म्हणून हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रेडवर जाड लोणी, सायीसकट दूध, चरबीदार मांस आणि सिगारेट यांपुढे त्यांचं अंगमेहनतीचं काम अपुरं पडत होतं.

ऐन चाळिशी-पन्नाशीतली माणसं जायला लागली, तेव्हा १९७१ मध्ये उत्तर कारेलियाच्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदतीचा अर्ज केला. १९७२ मध्ये प्रकल्प उभा राहिला आणि त्याची धुरा पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांकडे आली. तेव्हा तिथल्या पुरुषांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल आपल्या मापात दर डेसिलिटरला सुमारे २६५ मिलीग्रॅम होतं. दहातले नऊजण ब्रेडला लोणीच लावत.

पुस्कांच्या चमूनं रुग्णाला एकट्याला गाठून उपदेश करण्यावर भिस्त ठेवली नाही, आणि मला यातच सगळं मर्म दिसतं. मार्था या गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरून गावोगावी जेवणावळी झाल्या. नेहमीचाच कारेलियन मांसाचा रस्सा, पण चरबी कमी आणि कंदभाज्या जास्त. जेवून उठताना बायका ती कृती घेऊन घरी जात. सॉसेज बनवणाऱ्यानं चरबीच्या जागी अळिंबी वापरून पाहिली. दूधवाल्यांचा विरोध तीव्र होता, कारण लोणी हीच त्यांची कमाई. पुढे काही शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं गेलं. मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडचं तेल स्वयंपाकात आलं. कॉफीसुद्धा बदलली: पूड उकळून केलेल्या कॉफीत कोलेस्टेरॉल वाढवणारे तेलकट अंश उतरतात, ते कागदी गाळणीत अडकतात. गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्पर्धाही लागल्या. घरच्या एकानं पथ्य पाळायचं आणि बाकीच्यांनी लोणी खायचं, हा प्रकार त्यामुळे उरला नाही.

पाच वर्षांनंतर हेच काम देशभर नेण्यात आलं. चाळीस वर्षांत तिथल्या पुरुषांची कोलेस्टेरॉलची सरासरी २१० च्या आसपास आली आणि ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या; त्यातली पहिली, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झाली. घसरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. उपचार सुधारले त्याचाही वाटा आहेच. शिवाय ज्यांना आनुवंशिक कारणानं लहानपणापासून एलडीएल फार जास्त असतं, त्यांचं पथ्यावर भागत नाही. त्यांना औषध लागतंच आणि ते डॉक्टरांना न विचारता थांबवू नये.

पुढे कर्बोदकं टाळण्याची लाट आली, लोणी पुन्हा ताटात दिसू लागलं आणि २०१२ च्या पाहणीत फिनलंडचं सरासरी कोलेस्टेरॉल पाच वर्षांपूर्वीपेक्षा किंचित वर गेलेलं आढळलं.